चार जीबीत किती पहारा?

जून उजाडला की यवतमाळ जिल्ह्यातल्या आपले सरकार सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अकरावीचा ऑनलाइन प्रवेश आणि त्यापाठोपाठ पीकविमा. टेबलावर बहुधा चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असतो. शेजारी प्रिंटर, अंगठा घेण्याचे यंत्र आणि गिऱ्हाइकांनी दिलेले दोन-तीन पेनड्राइव्ह. ऐन दुपारी गर्दी असताना पडद्यावरचे चक्र गरगरू लागते. रांगेतून आवाज येतो, ‘भाऊ, हँग होऊन राह्यलं का?’ चालक टास्क मॅनेजर उघडतो. ‘डिस्क’च्या रकान्यात १०० टक्के दिसतात आणि यादीत सगळ्यात वर अँटिव्हायरस असतो. चालक तो बंद करतो, फॉर्म भरले जातात, आणि संध्याकाळी तो पुन्हा चालू करायचे राहून जाते.

कमी ताकदीच्या लॅपटॉपसाठी सुरक्षा सॉफ्टवेअर निवडताना सगळ्यात आधी लक्षात घ्यायची गोष्ट हीच आहे. जे काम अडवते ते बंद केले जाते, आणि बंद असलेल्या सॉफ्टवेअरने प्रयोगशाळेत कितीही गुण मिळवले असले तरी ते काहीच राखत नाही. त्यामुळे ‘सगळ्यात भारी अँटिव्हायरस कोणता?’ हा दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. या यंत्राला किती पेलते? याच्यापर्यंत धोका कोणत्या वाटेने येतो? आणि दिवसातून किती वेळ त्याला इंटरनेट मिळते?

फ्लॉपीच्या दिवसांपासून

संगणकाच्या विषाणूंशी महाराष्ट्राची ओळख जुनी आहे. १९९० साली भारतात एक विषाणू सापडला. तो फ्लॉपीवरून पसरत असे, आणि ५ जानेवारीला संगणक सुरू केला की तो यंत्र गोठवून पडद्यावर एक मागणी ठेवत असे: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करा. तेवढे टाइप केले की यंत्र मोकळे होई. जगभरच्या विषाणूंच्या याद्यांत तो ‘जोशी’ याच नावाने नोंदला गेला. पुढे ६ मार्च १९९२ या तारखेची जगाने धास्ती घेतली, कारण त्या दिवशी ‘मायकेलअँजेलो’ नावाचा विषाणू हार्ड डिस्कवरची माहिती पुसणार होता.

याच काळात पुण्यात कैलाश काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करत होते. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे काटकर दहावीनंतर कामाला लागले होते. धाकटे बंधू संजय पुण्यात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत विषाणू फार, म्हणून संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले. १९९३मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस उभी राहिली आणि १९९५मध्ये डॉसवर चालणारा त्यांचा अँटिव्हायरस बाजारात आला. तोच क्विक हील. २००७मध्ये कंपनीनेही ते नाव घेतले आणि फेब्रुवारी २०१६मध्ये तिचे शेअर बाजारात नोंदले गेले.

ही हकीकत यवतमाळच्या वाचकाला आजही उपयोगी आहे. क्विक हील, पुण्याचेच नेट प्रोटेक्टर, मुंबईच्या मायक्रोवर्ल्डचे ई-स्कॅन, चेन्नईचे के-सेव्हन ही भारतीय नावे वाढली ती दुकानदारांच्या जाळ्यावर. डबा घ्यायचा, आतल्या कार्डावरची की टाकायची, अडले तर दुकानदाराला बोलवायचे. फ्लॉपी आणि सीडीच्या काळात नेट नसलेल्या संगणकाला यंत्रावरच सगळा बंदोबस्त लागे. तालुक्याच्या गावात अँटिव्हायरस ही अजूनही ‘वर्षाला एक डबा’ या हिशेबानेच घ्यायची वस्तू समजली जाते, याचे मूळ तिथे आहे.

यंत्र नेमके कुठे अडते

अँटिव्हायरस रिकामा बसलेला नसतो. फाइल उघडा, कॉपी करा, डाउनलोड करा, झिप सोडवा. दर वेळी विंडोज ती फाइल आधी त्याच्यापुढे ठेवते. तो फाइलची खूण ओळखीच्या घातक फाइलींच्या यादीशी ताडून पाहतो, तिची वागणूक संशयास्पद आहे का ते तपासतो आणि नेट असेल तर कंपनीच्या सर्व्हरलाही विचारतो. होकार मिळेपर्यंत फाइल थांबते.

नव्या यंत्रावर हे थांबणे कळतही नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये मात्र मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क असते. तिचा एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवी ती माहिती डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत थांबायचे आणि डोके जागेवर सरकायलाही वेळ द्यायचा, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे ती सेकंदाला शंभरदेखील वाचू शकत नाही. फिरते भाग नसलेली एसएसडी असे तुकडे सेकंदाला हजारोंनी वाचते. त्यात ब्राउझर, विंडोजचे अपडेट आणि अँटिव्हायरसचे स्कॅन असे तिघे एकाच वेळी डिस्कपुढे उभे राहिले की तो १०० टक्क्यांचा आकडा दिसतो. रॅमचीही तीच तऱ्हा. चार जीबीतले साधारण दोन विंडोजच व्यापते. ब्राउझरच्या आठ-दहा टॅब उघडल्या की उरलेली संपते, आणि मग रॅममध्ये न मावलेला भाग विंडोज त्याच संथ डिस्कवर लिहू लागते.

म्हणून काही ठरवण्याआधी पाच मिनिटे काढून पाहणी करावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. यंत्र सुरू करून दहा मिनिटे झाल्यावर, एकही प्रोग्रॅम उघडलेला नसताना, रॅम आणि डिस्क किती वापरात आहेत ते पाहावे. रिकाम्या स्थितीतच रॅम ७० टक्क्यांवर असेल तर आधी ‘स्टार्टअप’ यादीतले नको ते प्रोग्रॅम बंद करावेत. बऱ्याचदा दोष अँटिव्हायरसवर येतो आणि जागा खाणारा भलताच असतो: प्रिंटरच्या सीडीबरोबर आलेले चार प्रोग्रॅम, किंवा मुदत संपलेला जुना चाचणी अँटिव्हायरस.

एका यंत्रावर दोन अँटिव्हायरस कधीच ठेवू नयेत. दोघेही प्रत्येक फाइल अडवतात, एकमेकांच्या फाइलींवर संशय घेतात, आणि दोघांत मिळून संरक्षण वाढण्याऐवजी लॅपटॉप गोठतो.

विंडोजमध्येच असलेला बंदोबस्त

२०१२च्या विंडोज ८पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजबरोबरच येतो. त्याला वेगळे पैसे नाहीत, ‘की’ टाकावी लागत नाही, मुदतवाढ नाही. दुसरा अँटिव्हायरस बसवला की तो आपणहून बाजूला होतो आणि दुसरा काढला की पुन्हा कामाला लागतो. सुरुवातीच्या काळात तो कच्चा होता, पण गेल्या काही वर्षांत स्वतंत्र चाचण्यांत त्याला नावाजलेल्या कंपन्यांच्या बरोबरीचे गुण मिळत आले आहेत. घरगुती वापराच्या, रोज नेटवर असणाऱ्या चार जीबीच्या लॅपटॉपला तो पुरतो. वरून काही विकत आणण्याची गरज पडत नाही.

त्याचे ओझे कमीही करता येते. पूर्ण स्कॅन रात्री, यंत्र चार्जिंगला असताना लावावे. एरवी झटपट स्कॅन पुरे. ठरलेल्या वेळच्या स्कॅनने प्रोसेसरचा किती भाग घ्यावा याची मर्यादा मुळात ५० टक्के असते. संगणकाची जाण असलेला माणूस पॉवरशेलमधून ती २० टक्क्यांवर आणू शकतो. स्कॅन जास्त वेळ चालते, पण हाताखालचे काम अडत नाही. काही फोल्डर तपासणीतून वगळण्याची सोय असते, तिथे मात्र हात आखडता ठेवावा. ‘डाउनलोड्स’ आणि पेनड्राइव्ह वगळले तर घातक फाइली जिथून येतात त्याच दोन वाटा मोकळ्या राहतात.

डिफेंडरची एक उणीव यवतमाळसारख्या जिल्ह्यात जास्त जाणवते. तो इंटरनेटवर फार विसंबून आहे. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक शहरातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही चाचणी संस्था नेट जोडलेले असताना आणि नसताना अशी दोन्ही निरीक्षणे देते, आणि नेट नसताना डिफेंडरची पकड बऱ्याच प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सैल पडल्याचे तिच्या चाचण्यांत दिसत आले आहे. झरी-जामणीच्या एखाद्या शाळेतला संगणक आठवड्यातून एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर येत असेल आणि रोज दहा पेनड्राइव्ह लागत असतील, तर त्याला खुणांची मोठी यादी स्वतःजवळ बाळगणारा अँटिव्हायरस हवा. पैसे देण्याचे हे एक सबळ कारण आहे. दुसरे कारण माणसाचे: अडचणीत मराठीत बोलणारा आणि गावात येऊ शकणारा कोणी हवा असेल, तर डब्याच्या किमतीत ती सेवाही धरलेली असते.

विकत घेताना

डब्यावरच्या दाव्यांपेक्षा दोन संस्थांचे निकाल पाहावेत. जर्मनीतल्या मॅगडेबर्गची एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६, असे १८ गुण देते. इथे आपल्या लॅपटॉपसाठी वेगाचा रकाना आधी वाचायचा. एव्ही-कम्पॅरेटिव्हज तर वेगाची वेगळी चाचणी मुद्दाम कमी ताकदीच्या यंत्रावर घेते. फाइली कॉपी करणे, झिप करणे, प्रोग्रॅम बसवणे, तो उघडणे, डाउनलोड, वेबसाइट पाहणे अशी रोजची कामे करवून प्रत्येक अँटिव्हायरसने किती वेळ वाढवला ते ती मोजते. दोन्हींचे निकाल फुकट वाचता येतात. एकाच महिन्याचा निकाल न धरता लागोपाठचे दोन-तीन पाहावेत.

त्याच कंपनीचे ‘टोटल सिक्युरिटी’ आणि साधे ‘अँटिव्हायरस’ यांतही फरक असतो. मोठ्या पॅकमध्ये मुलांवरचे नियंत्रण, यंत्र ‘ट्यून’ करणारे साधन, पासवर्डची तिजोरी, व्हीपीएन असे बरेच काही येते, आणि त्यातले पुष्कळसे मागे चालू राहते. चार जीबीच्या लॅपटॉपसाठी सगळ्यात साधा पॅक घ्यावा. महिनाभराची चाचणी प्रत मिळत असेल तर ती गर्दीच्या आठवड्यात वापरून मगच पैसे द्यावेत.

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत एक प्रकरण माहीत असावे. अव्हास्ट या जगभर वापरल्या जाणाऱ्या अँटिव्हायरस कंपनीची जम्पशॉट नावाची उपकंपनी ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकत असल्याचे उघड झाले. जानेवारी २०२०मध्ये ती बंद करावी लागली आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. विकतच्या सॉफ्टवेअरलाही धोके सुटत नाहीत. एप्रिल २०२४मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की ई-स्कॅनचे अपडेट साध्या, असुरक्षित जोडणीवरून जात असल्याचा फायदा घेऊन हल्लेखोरांनी वाटेत घातक फाइली घुसवल्या होत्या. कंपनीने ती त्रुटी २०२३मध्येच दुरुस्त केली होती. अँटिव्हायरसला यंत्राच्या गाभ्यापर्यंत सगळे अधिकार द्यावे लागतात. त्यामुळे तो बनवणारा कोण आणि चूक झाल्यावर ती किती लवकर सुधारतो, हे गुणांइतकेच महत्त्वाचे ठरते.

भारत सरकारचे सायबर स्वच्छता केंद्रही इथे उपयोगी आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या संकेतस्थळावर यंत्र साफ करणारी साधने फुकट मिळतात. यूएसबी प्रतिरोध हे त्यांतलेच एक साधन, ज्याने कोणता पेनड्राइव्ह चालू द्यायचा यावर नियंत्रण ठेवता येते.

जुने विंडोज

विंडोज ७ला १४ जानेवारी २०२० नंतर आणि विंडोज ८.१ला १० जानेवारी २०२३ नंतर सुरक्षा अपडेट मिळणे थांबले. क्रोमची १०९ ही आवृत्ती या दोन्हींवर चालणारी शेवटची. विंडोज १०ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. घरगुती ग्राहकांना जादा वर्षाची सोय मिळाली ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. डिफेंडरच्या खुणांची यादी विंडोज १०वर ऑक्टोबर २०२८पर्यंत येत राहील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे.

या शेवटच्या तारखेने गाफील होऊ नये. खुणांची यादी घातक फाइल ओळखते. विंडोजमधली फट ती बुजवत नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला, तेव्हा ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारे अपडेट मार्चमध्येच येऊन पडले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते ते सापडले. दीड महिन्यात त्याच फटीचा आधार घेणारा नॉटपेट्या आला आणि न्हावा-शेवा बंदरातल्या जेएनपीटीच्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

अडचण अशी की विंडोज ११ला चार जीबी रॅम चालत असली तरी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बहुतांशी आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. जिल्ह्यातल्या कित्येक लॅपटॉपांपाशी तो नाही. अशा यंत्रांसाठी विंडोजऐवजी लिनक्स हा खरा पर्याय आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती दोन जीबी रॅमवर सुरू होते, चार जीबीवर नीट चालते आणि फुकट असते. विंडोजसाठी लिहिलेले विषाणू तिच्यावर सहसा चालत नाहीत. अभ्यास, यूट्यूब, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म यांना ती पुरते. मात्र अंगठ्याचे यंत्र किंवा डिजिटल सहीचे डोंगल तिच्यावर चालते का, याची आधी खात्री करून मगच विंडोज काढावे.

एक केबीचा शॉर्टकट

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेला पेनड्राइव्ह घरी लावला की कधी कधी ‘दाखले’, ‘फोटो’, ‘प्रोजेक्ट’ हे फोल्डर जागेवर दिसतात, पण प्रत्येकाच्या चित्रावर कोपऱ्यात छोटा बाण असतो आणि आकार एक-दोन केबी. हा शॉर्टकट विषाणू. मूळ फोल्डर त्याने लपवलेले असतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट बनवलेले असतात. शॉर्टकटवर दोनदा क्लिक केले की फोल्डर तर उघडतो, त्यामुळे शंकाही येत नाही, पण आधी विषाणू चालतो आणि लॅपटॉपवर बसतो. तिथून पुढच्या पेनड्राइव्हवर.

यावरचा इलाज सोपा आहे. शॉर्टकटला हात न लावता फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फाइली दाखवण्याची खूण करावी, फिकट रंगात मूळ फोल्डर दिसू लागतात. तरीही न दिसले तर माहिती गेली असे समजून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नये. काही विषाणू फोल्डरवर ‘सिस्टिम’चीही खूण लावतात, ती जाणकाराकडून काढून घेता येते. मग अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह तपासून शॉर्टकट पुसावेत. चालू स्थितीतला आणि ताजा अँटिव्हायरस हा विषाणू बहुधा पेनड्राइव्ह उघडतानाच पकडतो. तो खरोखर जागा आहे का, हे तपासण्यासाठी ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल असते. आयकार संस्थेच्या संकेतस्थळावरून ती उतरवायला घेतली की जागा असलेला अँटिव्हायरस क्षणात ओरडतो. ओरडला नाही, तर तो बंद आहे.

त्याच दुकानात कोरलड्रॉची ‘क्रॅक’ केलेली प्रत किंवा विंडोज फुकट ‘ॲक्टिव्हेट’ करणारा प्रोग्रॅम बसवला जातो. त्याच्या सूचनेतली पहिलीच ओळ असते: अँटिव्हायरस बंद करा. त्यानंतर कोणते सॉफ्टवेअर विकत आणले याला फारसा अर्थ राहत नाही, कारण अनोळखी प्रोग्रॅमला सगळे अधिकार मालकाने स्वतःच्या हाताने दिलेले असतात.

अँटिव्हायरसच्या पलीकडे

डिसेंबर २०२५मध्ये आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीचे नाव राज्यभर गाजले. सुमारे दीड हजार वस्तीच्या या गावाच्या नावावर, जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे आढळले. गुन्हा नोंदवला गेला, विशेष तपास पथक नेमले गेले. सरकारी लॉगिन चालवणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण लक्षात ठेवावे. आयडी आणि पासवर्ड भलत्याच्या हाती पडले, तर अँटिव्हायरसला पकडण्यासारखे काही उरत नाही. घातक फाइल नसते, विषाणू नसतो. नोंद करणारा अधिकृत आयडीनेच आत आलेला असतो. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणत एनीडेस्क घ्यायला लावणाऱ्याचेही तसेच. एनीडेस्क हे दुसऱ्याचे यंत्र दुरून चालवण्याचे रीतसर सॉफ्टवेअर आहे, म्हणून अँटिव्हायरस ते सहसा अडवत नाही. पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करणे उपयोगी पडते.

इथे जे काम करते त्याला रॅम लागत नाही. रोजच्या वापरासाठी ॲडमिन अधिकार नसलेले साधे खाते. ॲडमिनचा पासवर्ड वेगळा. प्रत्येक चालकाला स्वतःचे लॉगिन, ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवणे बंद, जिथे सोय असेल तिथे ओटीपीची दुसरी पायरी. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत अशा बाहेरच्या डिस्कवर, जी कॉपी झाल्यावर काढून ठेवली जाते.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर निवड अवघड राहत नाही. यवतमाळ शहरात ब्रॉडबँडवर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीला विंडोज ११ चालत असेल तर डिफेंडर आणि साधे खाते पुरे. पुसद किंवा वणीच्या सेवा केंद्राला, जिथे दिवसभर परके पेनड्राइव्ह लागतात, भारतीय कंपनीचा साधा पॅक आणि गावातला दुकानदार परवडतो. पेनड्राइव्हसाठी एक जुने यंत्र वेगळे ठेवता आले तर आणखी बरे. नेट क्वचित मिळणाऱ्या शाळेतल्या विंडोज ७च्या संगणकांवर लिनक्स मिंट घालावी. आणि लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर अँटिव्हायरसच्या मोठ्या पॅकसाठी बाजूला काढलेले पैसे २५६ जीबीच्या एसएसडीवर घालावेत. बदलायला दुकानात तासाभराचे काम असते, आणि दुपारच्या गर्दीत स्कॅन चालू ठेवूनही फॉर्म भरता येतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी साठवण बोर्डालाच जोडलेली असते, ती बदलता येत नाही. तिथे निदान दहा जीबी जागा रिकामी राखावी, म्हणजे विंडोजची अपडेट उतरायला जागा उरते.